जमिनीच्या पोटातली वीज

जमिनीच्या पोटात काय आहे, हा प्रश्न वऱ्हाडातल्या माणसाला नवा नाही. तो त्याने पिढ्यान्‌पिढ्या विचारला आहे, आणि त्यापायी कित्येकदा बायकोच्या अंगावरचे दागिनेही मोडले आहेत. विहीर खणायची म्हटली की आधी पाणाड्या येतो. कुणी तळहातावर नारळ धरून शेतभर फिरतो, तर कुणी उंबराची फांदी हातात घेऊन. नारळ जेथे उभा राहील तेथे कुदळ पडते. पुढचे सारे नशिबाचे!

त्यातही पूर्णेच्या काठी पाणी लागणे हा अर्धाच प्रश्न असतो. लागले ते गोड की खारे, हा खरा प्रश्न. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथे विहीर खणणाऱ्याच्या कपाळावरचा घाम आणि विहिरीचे पाणी यांची चव पुष्कळदा एकच निघते. गंमत अशी की, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी ज्या पूर्णेचे पाणी गांधीग्रामहून कावडीत भरून आमच्या जुन्या शहरातल्या राजराजेश्वराला आणून वाहतात, त्याच पूर्णेच्या काठच्या विहिरीत मात्र डाळ शिजत नाही.

या खाऱ्या पाण्याचा शेतकऱ्याला जेवढा जाच, तेवढे ते विजेला प्रिय. कोरड्या काळ्या पाषाणातून वीज मोठ्या कष्टाने जाते. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या चिकणमातीतून ती सहज धावते. एवढी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण मी आज सांगणार आहे ते विहिरीबद्दल नसून भूकंपाबद्दल आहे, आणि त्या दोहोंना जोडणारा धागा हाच आहे.

भूकंपाशी माझी गाठ पडली ती १९९३ साली. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, किल्लारी हादरली. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक नुकतेच निजले होते. अकोल्याहून धान्य आणि कपडे घेऊन जो ट्रक निघाला, त्यात चढउतार करायला म्हणून मीही गेलो. तेथे पाहिलेल्या सगळ्याच गोष्टी सांगण्यासारख्या नाहीत. पण एक सांगितली पाहिजे. कित्येक घरांचे लाकडी खांब आणि तुळया जशाच्या तशा उभ्या होत्या. कोसळल्या होत्या त्या भिंती. हात दीड हात रुंदीच्या, दगड मातीत बसवून उभ्या केलेल्या. आणि त्यांच्यावर होते वर्षानुवर्षे माती घालून जाड झालेले माळवद. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे त्या पहाटे गेली. भूकंपाने म्हणावे, तर त्यांतली बहुतेक आपल्याच घराखाली गेली.

मी तेथे त्या उभ्या खांबांकडे पाहत होतो आणि मला आमचे घर दिसत होते. मोर्णेच्या पश्चिमेला, असदगडाच्या बाजूचे जे जुने शहर, त्यात आमचे घर आहे. काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या भिंती आणि वर धाबे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नव्या मातीचा एक थर पडायचा. तो आजोबांनी घातला, वडिलांनी घातला, आणि त्यांच्या मागे दादा घालत आला. घर गळू नये म्हणून, घरातल्यांच्या मायेने घातलेला थर! त्याचे ओझे कुणी कधी मोजले नव्हते. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा त्या धाब्याखालच्या गारव्याला तोड नाही, हेही खरे.

किल्लारीहून परतल्यावर मी दादाजवळ विषय काढला. दादा म्हणाला, “ते तिकडं झालं. आपल्याकडं काय भूकंप येते?”

हे तिकडचे आणि हे इकडचे, अशी वाटणी त्या काळी शास्त्रज्ञांच्या नकाशातही होती. देशाचे भूकंपाच्या धोक्याप्रमाणे जे विभाग पाडले होते, त्यांत किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या विभागात येत होती. महाराष्ट्राचे पठार म्हणजे देशातला जुना, निबर, स्वस्थ भाग अशी समजूत. तिला पहिला तडा १९६७ च्या ११ डिसेंबरला कोयनेने दिला होता. पण तेथे नव्याने भरलेल्या धरणाच्या पाण्याकडे बोट दाखवता येत होते. किल्लारीला तसे मोठे धरण नव्हते. मग घडले कसे? दगडाच्या खाली असे काय होते, की जे आम्हांला वरून दिसले नाही?

दिसले नाही याचे कारण आपल्या पायाखालीच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून तिच्यातून लाव्हा वाहिला. थरावर थर साचत गेले आणि आजच्या महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या पाषाणाने मढला गेला. खालच्या जुन्या खडकातल्या भेगा, दऱ्या, दुबळ्या जागा, सारे या काळ्या घोंगडीखाली झाकले गेले. घोंगडीला भोक पाडून पाहावे, तर तेही केले आहे. किल्लारीला भूकंपानंतर सहाशे मीटरांहून खोल छिद्र घेतले, तेव्हा काळा पाषाण ३३८ मीटरांवर संपला आणि खाली ग्रॅनाइटाच्या जातीचा खडक लागला. कोयनेच्या बाजूला गोठणे येथे तर तीन किलोमीटर खोल गेले, तेथे काळा पाषाणच सव्वा किलोमीटर जाड निघाला. पण एका छिद्रातून दिसणार किती? कुलुपाच्या भोकातून वाडा पाहण्यासारखेच ते. शिवाय भूकंपाचा उगम असतो पाच, दहा, कधी तीस-पस्तीस किलोमीटर खाली. तेथवर कुणाची पहार पोचत नाही.

तेथे पोचते ती वीज. आणि ही वीज आपल्याला सोडावीही लागत नाही. ती आयती मिळते. हे मला समजले ते माझ्या भाच्यामुळे. हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा भूभौतिकी शिकत होता. एका फेब्रुवारीत तो दोन मित्रांना आणि उसन्या मागून आणलेल्या पेट्यांना घेऊन आमच्याकडे उतरला. “मामा, पूर्णेकाठचं आपलं शेत दोन रात्रींसाठी द्या. सराव करायचा आहे,” म्हणाला. हरभरा निघून शेत मोकळे झाले होते. मी हो म्हटले आणि उत्सुकतेने बरोबर गेलो.

त्या पोरांनी काय केले ते सांगतो. शेताच्या मध्याला रेकॉर्ड करणारी पेटी ठेवली. तिच्यापासून उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चार दिशांना पन्नास-पन्नास मीटरांवर चार खड्डे केले आणि प्रत्येकात एकेक सच्छिद्र मडके पुरले. मडक्यात क्षाराचे द्रावण आणि शिशाची तार. उत्तर-दक्षिण मडक्यांतला विजेचा दाब आणि पूर्व-पश्चिम मडक्यांतला दाब पेटी सतत टिपत राहते. दुसरीकडे हाताएवढ्या जाडीच्या तीन लांब नळ्या पुरल्या. त्यांच्या आत तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पृथ्वीच्या चुंबकत्वात होणारी अगदी बारीक थरथर त्या ओळखतात. मडक्याची मातीशी गाठ नीट जमावी म्हणून इतरत्र खड्ड्यात मिठाचे पाणी ओतावे लागते. भाचा हसून म्हणाला, “इथं मिठाची गरज नाही मामा, देवानंच घालून ठेवलंय.”

मग ही वीज येते कुठून? दोन ठिकाणांहून. पृथ्वीवर कोठे ना कोठे दर सेकंदाला सरासरी चाळीस-पन्नास विजा चमकत असतात. त्यांच्या लहरी जमीन आणि आकाशातला विद्युन्मय थर यांच्यामधून साऱ्या पृथ्वीभोवती फिरतात. या झाल्या द्रुत लहरी. दुसऱ्या मंद लहरी, एकेका हेलकाव्याला काही सेकंदांपासून तासापर्यंत घेणाऱ्या. त्या सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या वाऱ्याने पृथ्वीचे चुंबकत्व डोलते त्यातून उठतात. चुंबकत्व डोलले की जमिनीत वीज वाहू लागते. आफ्रिकेतल्या पावसाची आणि सूर्यावरच्या वादळाची बातमी आमच्या हरभऱ्याच्या शेतात येऊन पोचावी, याचे मला त्या रात्री मोठे नवल वाटले.

नवल वाटले तरी गोष्ट जुनी आहे. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावर मोठे वादळ झाले, तेव्हा अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड येथल्या तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि नुसत्या जमिनीतल्या विजेवर एकमेकांशी संदेश चालवले. त्याच वादळाची नोंद आपल्या मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेतही झाली. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या विजेने नाजूक नोंदी बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधांसाठी अलिबागची जागा निवडली आणि तेथे १९०४ पासून काम सुरू झाले. शहराच्या प्रगतीपासून दूर पळून गेलेली अशी संस्था विरळाच!

या थरथरीवरून खडकाची परीक्षा करता येईल, हे गणित १९५० मध्ये रशियात तिखोनोव्ह यांनी आणि १९५३ मध्ये फ्रान्समध्ये लुई कान्यार यांनी स्वतंत्रपणे मांडले. पद्धतीचे नाव जिभेला जड, मॅग्नेटोटेल्युरिक. तत्त्व मात्र पाटीवर मांडता येईल इतके सोपे. चुंबकत्व इतके हलले, तर विजेचा दाब किती उठला? दाब जास्त उठला तर खडक विजेला अडवणारा. कमी उठला तर वाहू देणारा. आणि लहर जितकी मंद, तितकी ती खोल जाते. किती खोल? खडकाची विजेला अडवण्याची शक्ती, म्हणजे रोधकता, आणि लहरीचे सेकंद यांचा गुणाकार करावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि पाचशेने गुणावे, तितके मीटर. साध्या काळ्या पाषाणाची रोधकता शंभर धरली, तर एका सेकंदाची लहर पाच किलोमीटर जाते. आमच्या खाऱ्या मातीची चार धरली, तर तीच लहर एका किलोमीटरवर दमते. तात्पर्य, खारपाणपट्ट्यात खोल पाहायचे तर मंद लहरींची वाट पाहत जास्त वेळ बसावे लागते.

आम्ही बसलो. रात्री दोन वाजता भाच्याचा चेहरा एकदम पडला. पडद्यावर ठरावीक अंतराने काटे उमटू लागले होते. शोध घेता शेजारच्या शेतात रोही आणि रानडुकरे अडवायला लावलेले झटका मशीन सापडले. त्याच्या दर ठोक्याला आमची पेटी दचकत होती. मोटारपंप, विजेच्या तारा, विजेवर धावणारी रेल्वे, सारेच या शास्त्राचे वैरी. शेजाऱ्याला उठवले. तो डोळे चोळत म्हणाला, “मशीन बंद करतो बाप्पा, पण डुकरं आली तं तुमीच हाकला.” मग दोन पोरे पेटीपाशी आणि तिसरा पोरगा नि मी बॅटरी घेऊन त्याच्या तुरीच्या बांधावर, असा रात्रीचा पहारा झाला. शास्त्राच्या पुस्तकात हा भाग बहुधा नसावा.

जी कामगिरी ही पोरे दोन रात्री सरावापुरती करत होती, ती मोठ्या संस्थांनी वर्षानुवर्षे केली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या लोकांनी गुहागरपासून सांगोल्यापर्यंत आणि सांगोल्यापासून परतूरपर्यंत अशा ओळी धरून ठिकठिकाणी मडकी पुरली आणि पाषाणाच्या घोंगडीखालचा नकाशा काढला. किल्लारीला भूकंपानंतर त्यांनी पाहिले, तेव्हा साधारण सहा ते दहा किलोमीटर खोलीवर वीज सहज वाहू देणारा थर आढळला. एवढ्या खोल, निबर खडकात वीज सहज का वाहावी? १९९६ साली त्यांनी आपला निष्कर्ष मांडला की, तेथे भेगांतून पाणी असावे. भूकंपाचा उगम त्याच्या वरच्या अंगाला.

पाण्याचे महत्त्व येथे आहे. दोन खडक एकमेकांवर घट्ट दाबून बसलेले असतात, तोवर घसरत नाहीत. त्यांच्या फटीत दाबाखालचे पाणी शिरले की पकड सुटते. ओल्या फरशीवर पाय का घसरतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यातले मर्म कळायला पुष्कळ झाले. कॅलिफोर्नियात पार्कफिल्डजवळच्या प्रसिद्ध सॅन अँड्रियास भेगेवरही अशीच वाहक पट्टी सापडली आहे.

आणि आमच्या उत्तरेला? सातपुड्याच्या रांगेखाली वीज वाहू देणारा एक लांबलचक पट्टा असल्याचे चुंबकमापकांच्या रांगा मांडून शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. सातपुडा आणि नर्मदा यांचा हा प्रदेश स्वस्थ नाही. १९३८ च्या मार्चमध्ये सातपुड्यात मोठा भूकंप झाला. १९९७ च्या २२ मे रोजी जबलपूर हादरले, तेही सुमारे पस्तीस किलोमीटर खोलीवरून. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मेळघाटात साद्राबाडीला लहान लहान धक्क्यांची माळ लागली आणि माणसे घराबाहेर निजू लागली. मेळघाट म्हणजे तर आमच्याच अमरावती जिल्ह्याचा डोंगर. दादाचे ‘तिकडं’ असे हळूहळू जवळ सरकत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरे पेट्या बांधून घरी आली. जेवणे झाल्यावर ओट्यावर बैठक जमली. दादाने थेट प्रश्न केला, “मंग सांग बाबू, भूकंप कवा येईन?”

भाचा म्हणाला, “मोठे मामा, ते यातून नाही सांगता येत. ग्रीस देशात काही शास्त्रज्ञांनी जमिनीतल्या विजेवरून भूकंपाचं भाकीत सांगायचा दावा केला होता, १९८० नंतर. त्यावरून अजून भांडण आहे. बाकीच्यांना ते पटलेलं नाही. आम्ही जागा पाहतो. तारीख नाही.”

“मंग आपल्या वावराखाली काय निंगालं?”

“वर खारी माती, ती वीज फार छान नेते. खाली काळा पाषाण, तो अडवतो. त्याच्याही खाली काय, ते एका शेतावरून मी बोलणार नाही. शिवाय वीज वाहिली म्हणजे पाणीच असेल असं नाही, ग्राफाइटमधूनही वाहते. अशी शंभर ठिकाणं ओळीनं पाहावी लागतात, इतर पुरावे जोडावे लागतात.”

दादा हसला. “तारीख नाही, खात्री नाही. मंग एवढा खटाटोप कायले?”

खरे सांगायचे तर हा प्रश्न माझ्याही मनात होता. पाणाड्या निदान नारळ उभा करून ‘येथे खणा’ म्हणतो. त्याच्या बोलण्यात खात्री असते. विहीर कोरडी निघाली तर नशीब वाईट. या पोराच्या बोलण्यात खात्री कमी होती, पण तो जेवढे म्हणाला तेवढे मोजून म्हणाला होता. आणि मला वाटते, भूकंपाच्या बाबतीत तारखेची हाव हीच आपली मोठी खोड आहे. तारीख कळली तर आपण काय करू? त्या रात्री अंगणात निजू, आणि सकाळी पुन्हा त्याच भिंतीखाली जाऊ. दुबळी जागा कळली, तर मात्र काम बारा महिन्यांचे होते. कोणत्या प्रदेशात शाळा कशी बांधावी, दवाखान्याच्या भिंतीत लोखंड किती घालावे, धाब्यावर माती किती ठेवावी, हे त्यावरून ठरवता येते. किल्लारी कमी धोक्याच्या रंगात रंगवलेली होती, कारण तिच्या खाली कुणी पाहिले नव्हते. अशा नकाशाची किंमत माणसांत मोजावी लागते.

भाच्याने दादाला उत्तर दिले नाही. तो उठला, बैठकीच्या भिंतीपाशी गेला आणि पोपडा निघालेल्या जागी बोटे घालून दगड चाचपू लागला. “मोठे मामा, ही भिंत दोन पदरी आहे. आतले दगड वेगळे, बाहेरचे वेगळे, मध्ये भर. दोन्हींना बांधणारा आरपार दगड एकही दिसत नाही. जमिनीखालचं मला थोडंच कळतं. पण हे तर डोळ्यांना दिसतंय.”

दादा त्या दिवशी काही बोलला नाही. पुढे महिनाभरही नाही. वडिलांनी घातलेली माती उपसायची म्हणजे जणू वडिलांनाच घराबाहेर काढायचे, असे काहीसे त्याला वाटत असावे. मी आग्रह धरला नाही. आई मात्र बोलली. नव्वदीला टेकलेली आई त्याच घरात नवरी म्हणून आली होती. ती म्हणाली, “अरे, तुझ्या बापानं माती घातली ती घर गळू नये म्हणून. घर पडावं म्हणून नाही घातली.”

मे महिन्यात काम निघाले. सारे घर एकदम होण्यासारखे नव्हते. कपाशीचे पैसे तेवढे नव्हते. आईची खोली आधी घेतली. किल्लारीच्या बाजूला भूकंपानंतर जुनी घरे सावरताना जे केले, तेच गवंड्याला करायला सांगितले. भिंतीत ठिकठिकाणी आरपार भोके पाडून त्यांत सळई घालून काँक्रीट भरले, कोपरे बांधले, दारे-खिडक्यांच्या वर भिंतीला चारी बाजूंनी सलग पट्टा दिला. मग धाब्यावरची माती उतरवली. वर जुन्या कौलांचे तुकडे, खाली राख, मध्येच पांढऱ्या मातीचा थर, पुन्हा काळी, असे एकेक साल निघत गेले. एका खोलीवरून दोन ट्रॉल्या माती निघाली. दादा दारात उभा राहून दुसरी ट्रॉली भरताना पाहत होता. “एवढं वझं होतं माह्या मायच्या डोक्यावर?” एवढेच तो म्हणाला, आणि गवंड्याला विचारू लागला की बैठकीची खोली पुढच्या उन्हाळ्यात किती दिवसांत होईल.

आता त्या खोलीवर पातळ छप्पर आहे आणि उन्हाळ्यात ती तापते. आई दुपारी बैठकीत येऊन बसते आणि कुरकुर करते. भाच्याची पत्रे येतात. तो अजून कोठे कोठे मडकी पुरत हिंडतो आहे. सातपुड्याखालचा नकाशा पुरा व्हायला किती रात्री जाव्या लागतील कोण जाणे. तोवर आम्ही कापूस विकला की एकेक खोली हलकी करतो आहोत. तीन झाल्या, दोन राहिल्या.